खाटेवरची आगगाडी

सायबेरियातून जाणाऱ्या गाडीत दुपारच्या जेवणाला बिटाचं लाल सूप मिळतं, हे मला दहावीच्या आधीच पाठ होतं. जपानातल्या झोपायच्या गाडीत प्रत्येकाला घडी घातलेला सुती झगा देतात. सिलोनची गाडी चहाच्या मळ्यांतून इतकी हळू चढते, की दारात उभं राहून बायांच्या पाठीवरच्या टोपल्या मोजाव्यात. आणि राजस्थानातल्या त्या राजेशाही गाडीत डब्याडब्याला वेगळा खिदमतगार, डोक्याला लाल फेटा, हातात चांदीचा ट्रे. हे सगळं ज्ञान मला सिल्वासात, सरकारी क्वार्टरमध्ये, मांडीवर ताट घेऊन कुळीथपिठलं-भात जेवताना मिळालं. ज्या सिल्वासात तेव्हा रेल्वे नव्हती आणि आजही नाही. सगळ्यात जवळचं स्टेशन वापी, तेही हद्दीपलीकडे, गुजरातेत.

हे शिकवणारे माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. देवगडकडचे. प्रशासनाच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि पर्यटनाचं टेबल त्यांच्याकडे होतं. टेबल म्हणजे काय, खानवेलच्या विश्रामगृहाच्या चादरी बदलल्या की नाही याची पत्रं. पण त्या टेबलाच्या पत्त्यावर देशोदेशींच्या गुळगुळीत कागदाच्या पुस्तिका टपालाने येत. साहेब त्या न उघडता रद्दीत टाकायला सांगत आणि अण्णा त्या पिशवीत घालून घरी आणत. आमच्या घरी देवाच्या पोथ्यांना फडकं नव्हतं, त्या पुस्तिकांना मात्र खाकी कव्हर होतं. आई म्हणायची, "ह्यांना मुलगी एक आणि गाड्या पन्नास."

घर दोन खोल्यांचं. मागच्या खिडकीतून पूर्वी साग दिसायचे, मग तिथे धाग्याचा एक कारखाना उभा राहिला आणि खिडकीत नुसती भिंत उरली. चोवीस तास घूं घूं आवाज. खिडकीला लागून एक लोखंडी खाट होती, तीच आमची गाडी. अण्णा खिडकीशी, त्यांच्या शेजारी मी. जेवण वाढून झालं की अण्णा चष्मा लावून विचारत, "शैला, आज कुठली गाडी?" मी नाव सांगायची, ते पुस्तिका काढायचे, आणि त्या भिंतीकडे बघत आम्ही बैकालचं सरोवर नाहीतर मलायातले रबराचे मळे ओलांडायचो. कारखान्याची घरघर चाकांच्या आवाजाला बरी पडायची. त्या लोकांचा पाच पदार्थांचा मेनू अण्णा वाचायचे आणि मी पापड मोडायची. आई कधी खाटेवर बसली नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला पाठ लावून जेवायची. "तिकीट नाही काढलं वाटतं?" असं अण्णांनी चिडवलं तर म्हणायची, "मी मेली फलाटावरच बरी."

आता हा खेळ सुरू कसा झाला ते सांगायला हवं, कारण त्यातच सगळी गोम आहे. सरकारी नोकरांना रजा घेऊन फिरायला जायची सवलत असते, एलटीसी. गावी जायची वेगळी आणि चार वर्षांतून एकदा भारतात कुठेही जायची वेगळी. आमच्या कॉलनीत लोक त्यावर काश्मीर करून आले, उटी करून आले. अण्णा दर वेळी आराखडा करत, ताव भरभरून, आणि दर वेळी काहीतरी निघायचं. चार वर्षं उलटायची, सवलत वाया जायची. मी चौदा वर्षांची असताना मात्र आई हट्टालाच पेटली. जयपूरचं रिझर्व्हेशन झालं. दशम्या, लसणाची चटणी, भाजणीचे कडबोळे असा डबा भरला. आईने नवी चप्पल घेतली.

वापीला गाडी दोनच मिनिटं थांबते. आमचा डबा बरोबर समोर आला. आई पुढे होती, तिने एक पाय वर ठेवलासुद्धा. मी तिच्या मागे. आणि अण्णा दाराची दांडी धरून उभे. त्यांच्या मानेवरून घाम नळ सोडल्यासारखा वाहत होता. म्हणाले, "गर्दी आहे फार." डबा निम्मा रिकामा होता हो! मी म्हटलं, "अण्णा, आपल्या जागा आहेत." ते दांडी सोडेनात आणि चढेनात. शिट्टी झाली. आईने एकदा आत पाहिलं, एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि पाय खाली घेतला.

गेलेल्या गाडीकडे बघत आम्ही होल्डॉलवर बसलो. जीपने परत सिल्वासाला आलो, आणि दशम्या फुकट कशाला घालवायच्या म्हणून खाटेवर बसून खाल्ल्या. तेव्हा अण्णा एकदम म्हणाले, "आता सुरत गेलं असेल." मग म्हणाले, "आता भरूच. नर्मदा." मला हसू आलं आणि रडूही आलं. आई दारात उभी होती. आमची गाडी त्या दिवशी सुरू झाली ती बारा वर्षं चालली.

अण्णांना बंद जागेचं भय होतं. आज त्याला नाव आहे, गोळ्या आहेत. तेव्हा आमच्या घरात ते बोलायचंच नाही असं ठरलेलं होतं. ते न्हाणीघराला आतून कडी लावत नसत, मोठमोठ्याने रामरक्षा म्हणत अंघोळ करत आणि आई बाहेर राखणीला उभी असे. कचेरीत त्यांचं टेबल दाराशी होतं. एसटीत पुढच्या दारालगतची जागा मिळाली तरच गावी जाणं. आणि आईशिवाय ते एक रात्र एकटे राहू शकत नसत. आईचे वडील गेले तेव्हाही ती माहेरी गेली ती अण्णांना बरोबर घेऊन, दोन एसट्या सोडून तिसरी पकडून. मला हे सगळं दिसत होतं, पण मुलांना आईबापांचं दिसतं तसं, म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं.

मी मोठी झाले. बी.ए. केलं, शाळेत हंगामी शिक्षिका झाले. सकाळी शाळा, दुपारी शिकवण्या, संध्याकाळी खाट. पंचविशी ओलांडली. गावाहून स्थळं येत, सिल्वासा म्हटलं की विचारत, "ते कुठे आलं? दारू मिळते ते ना?" आणि पुढे सरकत. आमच्या गल्लीतून निघालं की बाजार, बाजारातून निघालं की बसस्टँड, आणि तिथून अथाल, गलोंडा, खानवेल अशा पाट्या लावलेल्या बसगाड्या, ज्या फिरून फिरून पुन्हा तिथेच येतात. मला अक्षरशः श्वास कोंडल्यासारखं व्हायचं. वर संध्याकाळी ते, "शैला, आज कुठली गाडी?" एके दिवशी मी ताडकन म्हटलं, "जी खरोखर सुटते ती." अण्णांनी पुस्तिका मिटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलंच.

त्या सुमाराला पेपरात जाहिरात आली. पर्यटकांसाठी नवी आलिशान गाडी निघणार होती आणि परदेशी पाहुण्यांची उठबस करायला इंग्रजी बोलणाऱ्या मुली हव्या होत्या. मी गुपचूप अर्ज केला. मुंबईला एका हॉटेलात मुलाखतीला बोलावणं आलं, सकाळी अकराला, उशिरा येणाऱ्यांचा विचार होणार नाही, असं खाली ठळक अक्षरात. मला वाटलं, सगळ्या जगात आनंद जर कुणाला होईल तर तो अण्णांना. अहो कप्पाळ!

"प्रवासी व्हायचं असतं गाडीत," ते म्हणाले. "ट्रे घेऊन फिरायला नाही. आपण वाढपी नव्हे."

"मग होऊ द्या की मला प्रवासी! कधी झालो आपण? ह्या खाटेवर?"

हे बोलायला नको होतं. त्यांचा चेहरा पडला. मी दोन दिवस जेवले नाही. तेही जेवले नाहीत. आई दोघांची ताटं झाकून ठेवायची आणि उचलायची. तिसऱ्या दिवशी अण्णा अंगणातल्या झाडांना पाणी घालता घालता माझ्याकडे न बघता म्हणाले, "जा. मी सोडायला येणार नाही, पण जा." आई चौकटीत होती. ती आत गेली आणि तिने भांडी घासायला काढली, घासलेलीच.

इथे आमच्या बाटल्यांबद्दल सांगते. आमच्याकडे मे महिन्यात गावाहून रातांबे येत आणि आई आगळ करायची, कोकमाचा खारवलेला रस, काळसर लाल. तो भरायला काचेच्या बाटल्या लागत आणि सिल्वासात फुकट बाटल्या म्हणजे दारूच्या. शेजारी गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे आमच्या गावात त्यांना काही तोटा नव्हता. अण्णा स्वतः थेंबाला शिवत नसत, पण शिपायाकडून रिकाम्या बाटल्या आणवत, गरम पाण्याच्या बादलीत भिजत घालत आणि नखाने खरवडून त्यांचे कागद काढत. एक कण ठेवत नसत. कारण मुंबईच्या नातेवाइकांना आगळ द्यायचं तर ते गुजरातेतून न्यावं लागे, आणि हद्दीवरच्या नाक्यावर सिल्वासाकडून येणारी प्रत्येक पिशवी उघडून बघत. कॉलनीतल्या सगळ्या कोकणी घरांत हा नियमच होता, कागद काढल्याशिवाय बाटली हद्दीपार न्यायची नाही. ते काम आमच्याकडे फक्त अण्णांचं. दुसऱ्या कुणी बाटलीला हात लावला तर, "राहू दे, तुम्हाला जमणार नाही," म्हणत.

निघायच्या दिवशी पहाटे आईने माझी बॅग भरली. "दादरच्या मावशीला आगळ दिलंय गो, तळाशी आहे, आडवी करू नको." मी साडी नेसत होते, बरं म्हटलं. अण्णा बाहेर ओट्यावर होते. मी पाया पडले तर त्यांनी हातात एक चिठ्ठी कोंबली आणि मान फिरवली. जीपमध्ये बसल्यावर वाचली. गाडीची वेळ, फलाट क्रमांक, आणि खाली त्यांच्या कचेरीतल्या वळणदार अक्षरात: उजवीकडची खिडकी धर. वसईच्या अलीकडे खाड्या दिसतात.

नाक्यावर जीप थांबली. शिपायाने एकेकाच्या पिशव्या चाचपल्या. माझ्या बॅगेत त्याचा हात तळाशी गेला आणि वर आला तो बाटली घेऊन. रमची बाटली. कागद जसाच्या तसा, चकचकीत, वर सोनेरी अक्षरं. आणि आत गळ्यापर्यंत काळसर लाल.

"बेन, आ शुं छे?"

"कोकम आहे, भाऊ. सरबताचं. वास घेऊन बघा."

त्याने वास घेतला. आगळाला आंबूस, उग्र वास येतो. तो म्हणाला, मिक्स करून नेतात लोक, खबर आहे मला. चाखून बघ म्हटलं तर म्हणाला, "ड्यूटी पर कुछ नहीं पीता." चाखणारे साहेब म्हणे नऊला येतात. बाकीच्यांना घेऊन जीप पुढे गेली. मी बाकावर, नेसलेल्या रेशमी साडीत, समोर टेबलावर ती बाटली आणि येणारा-जाणारा तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघणार. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी गाडी वापीहून किती वाजता सुटते ते मला चांगलं ठाऊक होतं. भिंतीवरच्या घड्याळात ती वेळ झाली, आणि होऊन गेली.

आमच्या जीपचा ड्रायव्हर वापीहून परत जाताना घरी निरोप देऊन गेला, म्हणून अण्णा स्कूटरवरून आले. केस विस्कटलेले, शर्टाची बटणं वरखाली. त्यांनी मला पाहिलं, बाटली पाहिली. बाटली उचलून त्या कागदावरून अंगठा फिरवला, एकदा, सावकाश. मग बूच काढलं आणि तोंडाला लावली. साधं सरबत नव्हतं ते, निव्वळ आगळ, दोन चमचे पेलाभर पाण्यात घालायचं. घटाघटा अर्धी बाटली प्यायले. डोळ्यांतून पाणी, शर्टावर लाल ओघळ. तेवढ्यात साहेब आले ते बघतच राहिले. "काका, बस, बस! जाव तमे," म्हणाले.

बाहेर आल्यावर अण्णा खोकत खोकत म्हणाले, "पुढची गाडी वीस मिनिटांनी आहे. दादरला पोचायला दीड वाजेल. तरी जा. चल, स्टेशनवर सोडतो."

मी त्यांच्याकडे बघितलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. कागद कोण काढतं? अण्णा. बाटलीला दुसरं कुणी हात लावतं? नाही. "आता कशाला नाटक करता?" मी ओरडले, नाक्यावर, सगळ्यांसमोर. "तुम्हीच ठेवलात तो कागद! स्वतःला चढता येत नाही म्हणून मलाही चढू द्यायचं नव्हतं ना?" चिठ्ठी चुरगाळून त्यांच्या अंगावर फेकली. खाली वाकून त्यांनी ती उचलली, खिशात घातली. मी स्कूटरवर मागे बसले आणि म्हटलं, "घरी." वीस मिनिटांची ती गाडी मी माझ्या रागापायी सोडली, हे आज लिहायलाच हवं. गेले असते तर कदाचित घेतलंही असतं मुलाखतवाल्यांनी.

घरी आई दारात होती. अण्णांच्या शर्टावरचे डाग बघून तिने पदर तोंडाला लावला. मी तिला म्हटलं, "विचार त्यांना काय केलं ते." आई म्हणाली, "अंधारात हाताला लागली ती घेतली गो मी." मला वाटलं, ती त्यांना पाठीशी घालतेय. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग शर्ट बदलायला गेले.

त्यानंतर मी अण्णांशी कामापुरती बोलले, नऊ वर्षं. खाट तीच, ताटं तीच, पण गाडी बंद. त्यांनी पुस्तिका आणणं थांबवलं. मी शाळेत कायम झाले, लग्नाचं बोलणं हळूहळू थांबलं. शेवटच्या आजारपणात एकदा त्यांनी दवाखान्याच्या खिडकीकडे बघत विचारलं, "शैला, आज कुठली गाडी?" मी गोळी आणि पाण्याचा पेला पुढे केला आणि नर्सला बोलावते म्हणून बाहेर गेले. त्या खोलीचं दार त्यांनी उघडंच ठेवायला लावलं होतं.

आता आई ब्याऐंशीची आहे. आम्ही दोघी सिल्वासातच एका फ्लॅटमध्ये राहतो. खाट तिच्या खोलीत आहे, ती त्यावर झोपते. गेल्या मे महिन्यात रातांबे आले तेव्हा मी बादलीत बाटल्या भिजत घालून खरवडायला बसले होते, दुपारचं ऊन गॅलरीत आलं होतं. आई खाटेवरून बघत होती. म्हणाली, "त्या बाटलीचा कागद मीच ठेवला होता."

मला आधी कळेचना कुठल्या.

"तुझ्या. बादलीत घालायची राहिली होती ती घेतली आणि भरली. मला ठाऊक होतं नाक्यावर धरतील." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "एकदा पाय ठेवला होता मी डब्यात. उतरले. तू चढली असतीस तर माझ्यासारखी उतरली नसतीस. मग मी आणि हे, आणि ते न्हाणीघराचं दार. जन्मभर. मला जीव गुदमरल्यासारखं झालं गो."

माझ्या हातातली बाटली बादलीत पडली. "अण्णांना माहीत होतं?"

"नाक्यावरच कळलं त्यांना. आपण कागदाचा कण ठेवत नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं होय? मग उरले मीच. त्या संध्याकाळी मला म्हणाले, शैलाला सांगू नकोस. तिला कुणावर तरी राग धरायचाच आहे, माझ्यावर धरू दे. तुला तिच्यासोबत दिवस काढायचेत."

मी खूप रडले. आईवर ओरडलेही, ब्याऐंशीच्या बाईवर, खोटं कशाला सांगू. दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. पण राग आतून टिकेना, कारण राहून राहून ती चिठ्ठीच आठवायची. ज्याला अडवायचं असतं तो कुठली खिडकी धरायची ते लिहून देत नाही. तीस वर्षं मी पोरांना वाचायला शिकवलं, आणि मला दीड ओळीची चिठ्ठी वाचता आली नाही.

तिसऱ्या दिवशी चहा घेताना आई म्हणाली, "आता जा हवं तर कुठे. मी राहीन."

"एकटी कशी राहशील?"

"मग मलाही ने."

आलिशान गाडी वगैरे नाही. वापी ते दादर, साधी, दिवसाची. नाक्यावर रिक्षा थांबली तेव्हा आम्ही दोघी समोर बघत बसलो. फलाटावर गाडी आली, दोनच मिनिटं. एका हमालाने आईला हात दिला आणि ती चढली, चढून दारात वळून उभी राहिली. मी दांडी धरली. आणि काय सांगू, तळहात ओला झाला, पाय हलेना. आत लोक, बाकं, बंद खिडक्या. तोंडात शब्द आले ते ऐकून मीच दचकले. "आई, गर्दी आहे गं."

"नाही गर्दी," आई म्हणाली आणि तिने माझं मनगट घट्ट धरलं. "चढ."

चढले. उजवीकडची खिडकी मोकळी नव्हती, एका बाईला विनवून मागून घेतली, आईला आत बसवलं. वसईच्या अलीकडे खाड्या खरंच दिसतात.